दादांची पोथी आणि आमच्या शंका

सोनईहून वहिनींचा फोन वाजला आणि उचलायच्या आधीच काय ते मला कळलं. कारण चौरंगावर कायम उघडी असणारी पोथी दादांनी आदल्या गुरुवारी रुमालात बांधली होती.

दादा माझे चुलतभाऊ, निवृत्त मास्तर. या जुन्या पोथीवर टीका लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एक ओवी घ्यायची, आधीच्या टीकाकारांनी काय म्हटलंय ते बघायचं, मग आपला अर्थ मांडायचा. आमच्या घरात रीत अशी, की शेवटची ओवी झाली की त्याच बैठकीला पुन्हा पहिली वाचायची. पोथी संपवून उठायचं नाही. दादांचे वडील म्हणे एकदा तसेच उठले... वहिनी पुढचं कधी सांगायच्या नाहीत.

मी घोडेगावहून दर गुरुवारी जायची. भांडखोर म्हणून माझी ख्याती आहेच. दादांना छातीचं दुखणं लागलं, तशी त्यांची लेखणी भराभर चालायला लागली. तेव्हा वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "वन्सं, तुमी शंका काढा. लई काढा. हे लिवून झालं, का मग ह्यास्नी हितं ऱ्हायला कारन काय हाय?"

काढल्या की मी! हा अर्थ ओढूनताणून आणलाय, तो मागच्या अध्यायाशी जुळत नाही... दादा वैतागायचे, "अगं बाई, डोकं खाऊ नकोस!" आणि आठवडाभर त्याच ओवीवर बसायचे. वहिनी माझ्या चहात साखर जास्त घालायच्या. पण पानं सरतच होती. शेवटची ओवी जवळ आली तसा मला सोनईचा रस्ता नकोसा झाला.

त्या गुरुवारी त्यांनी शेवटच्या ओवीवरची टीका वाचून दाखवली. मी तोंड उघडणार, तोच हसले. "तुझ्या निम्म्या शंका खोट्या होत्या, ठाऊक आहे मला. पण त्यांच्यामुळेच टीका चांगली झाली. आता पुरे." आणि त्यांनी रुमालाला गाठ मारली.

"दादा, पहिली ओवी राहिली..."

ते तसेच बैठकीवरून उठले. वहिनी दारात उभ्या होत्या. फार भीती वाटली हो मला.

दादांचं तेरावं होऊन काही दिवस झाल्यावर परवा मी सोनईला गेले. गाठ तशीच होती. वहिनींनी ती मला सोडायला लावली. "वाचा पयली." मी वाचली, दादांनी लावलेला अर्थही वाचला. त्या खोलीत आजवर कधी चकार शब्द न काढलेल्या वहिनी दादांच्या रिकाम्या बैठकीकडे बघत म्हणाल्या, "मला न्हाई पटलं. माजी एक शंका हाय."