घंटीमावशीनं तोंड उघडलं

शाळेच्या कारभारात घंटीमावशीला कोणी विचारत नसे, पण तिच्या नजरेतून सुटायचं काही नाही. बावीस वर्षं घंटा देणारी, वर्ग झाडणारी बाई. कुठलं मूल घरी काय बोलतं, बाजारात काय, भांडताना काय, सगळं तिला तोंडपाठ.

मुलं शाळेत कोणती भाषा कुठं वापरतात हे बघायला विद्यापीठातून एक संशोधक मुलगी आली. आठवडाभर तिसरीच्या वर्गात बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून वहीत लिहीत बसली. लिहून लिहून हाती काय लागलं? सगळी पोरं शाळेची भाषा बोलतात आणि खिडकीजवळची एक मुलगी बोलतच नाही! त्या मुलीला मुक्यांच्या शाळेत धाडायचा अर्ज मोठ्या सरांनी भरूनही ठेवला होता. शुक्रवारी त्यावर सही व्हायची होती.

हे ऐकून मावशीचा पारा चढला.

"मुकी? अगं, तिची टकळी एक मिनिट थांबत नाही! तू बाईंच्या शेजारी बसतेस, पोरांना वाटतं तपासणीवाल्या आल्या. ऊठ आधी. आणि वही पिशवीत टाक, घरी जाऊन लिही."

मावशीनं संशोधक मुलीला नळापाशी पालथ्या बादलीवर बसवलं. दोन दिवस पोरं बिचकली, तिसऱ्या दिवशी विसरली. आणि काय सांगावं! ती 'मुकी' धाकट्या बहिणीला घरच्या भाषेत दटावत होती, मैत्रिणींशी गल्लीतल्या भाषेत भांडत होती, आणि मावशीला चक्क शाळेच्या भाषेत म्हणाली, "मावशी, नळ गळतोय. इथं कोणाचंच लक्ष कसं नसतं?"

शुक्रवारी सरांनी संशोधक मुलीची टिपणं वाचली आणि खिडकीजवळच्या त्या पोरीला आपल्या खोलीत बोलावलं.

"हं, बोल."

ती पायाकडे बघत उभी. "बघितलंत?" म्हणत सरांनी पेन उघडलं. शेजारी उभी असलेली संशोधक मुलगी रडकुंडीला आली.

पाणी घेऊन आलेली मावशी दारातच थबकली होती. ती आत आली. आवाज खणखणीत.

"सर, बावीस वर्षांत या खोलीत मी 'हो सर' सोडून एक शब्द बोलले नाही. मग मलाही मुकी म्हणून धाडता का?"

सरांनी पेन मिटलं. मग त्यांनी अर्ज फाडून टोपलीत टाकला.

संध्याकाळी मावशी घरी आली ती मान ताठ करूनच. सुनेनं विचारलं, "काय हो आत्या, आज एवढ्या खुशीत?"

"काही नाही गं," मावशी म्हणाली, "आज सरांशी बोलले."