राणीच्या केसांतली पांढरी पावडर

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून तपासण्यात आयुष्य गेलं — जे मोजता येत नाही, ते मी मानत नसे. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

मी नाशिकला सिडकोत राहतो. जर्मन साम्राज्याच्या काळातली चांदीची नाणी जमवायचा मला नाद. मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं जाताना तिकडचं मार्कचं जुनं नाणं हातावर ठेवलं, तिथून सुरुवात झाली. बायकोला, वैशालीला, एकच गोष्ट खटकायची — नाणी अशी काळी का ठेवायची? देवघरातली चांदी ती दर सणाला टूथ पावडरनं घासून लख्ख करायची. मी म्हणायचो, अगं, जुन्या नाण्याला तो काळेपणाच शोभतो. घासलं की गेलं!

मग तिला कॅन्सर निघाला. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. मी एक नाणं मागवलं — वुर्टेमबर्ग या जुन्या जर्मन राज्याचं, तीन मार्कचं. तिथल्या राजा-राणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पाडलेलं, दोघांचेही चेहरे असलेलं. हॉस्पिटलमध्ये तिला मोबाईलवर फोटो दाखवला.

"अहो, लग्नाच्या वाढदिवसाला असे काळेकुट्ट राजा-राणी? येऊ द्या घरी, मी घासून देते."

"वैशू, हात लावायचा नाही हं!"

"बघाच तुम्ही," म्हणाली आणि हसली. त्यानंतर ती हसलेली मला आठवत नाही.

नाणं आलं तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढले, प्लास्टिकच्या गोल डबीत घट्ट बसवलं, कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच. घरात मी एकटा.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी, तिच्या फोटोपुढे ठेवावं म्हणून डबी काढली. डबी तशीच बंद. आतलं नाणं मात्र... पांढरंशुभ्र! राणीच्या केसांच्या वळणांत पांढरी पावडर अडकलेली. मोबाईलमधला फोटो काढून ताडून पाहिलं. राजाच्या मानेवरचा तिरपा ओरखडा — तोच. नाणं तेच होतं.

दुपारी आमची मुलगी केतकी पुण्याहून आली. काही न सांगता नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते नाकाशी नेलं, पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

"बाबा, दिवाळीत समई घासल्यावर आईच्या हाताला असाच वास यायचा..."

मग आम्ही दोघंही रडलो. तोवर मला रडूच आलं नव्हतं, अगदी स्मशानातसुद्धा नाही.

नाणी जमवणारा एक मित्र म्हणाला, प्लास्टिकमुळे चांदीत फरक पडतो. पडतो ना — ती आणखी काळी होते, उजळत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. केतकीला वाटतं, दुःखाच्या भरात मीच घासलं असेल आणि विसरलो असेन. असेलही... पण पावडरचा डबा मी वैशालीच्या उरलेल्या औषधांबरोबर केव्हाच टाकून दिला होता.

आता ते नाणं तिच्या फोटोपुढे उघडंच असतं. हवेनं कड पुन्हा काळवंडायला लागलीय. मी पुसत नाही. सकाळी चहा घेऊन तिथे बसतो आणि बघत राहतो. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा व्हावं, एवढंच वाटतं...