गजाननभाऊंची मार्कअपवरची भांडणं

अमरावतीतल्या आमच्या चौघांच्या ऑफिसात वेबसाइट कमी आणि वाद जास्त तयार होतात. वाद मिटतात, किस्से तेवढे साचत जातात. त्यातले निम्मे गजाननभाऊंचे. भाऊ आमचे सीनियर, मूळचे तेल्हाऱ्याचे. त्यांचे डोळे चाललेत. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पुढे उजेड-अंधार तेवढा कळेल. तेव्हापासून ते स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कानाला लावून, नुसत्या कीबोर्डवर काम करायला शिकत होते.

एकदा आमच्यातल्या स्वप्नीलने मार्कअपमध्ये हेडिंगचा टॅग, म्हणजे 'हे शीर्षक' असं त्या सॉफ्टवेअरला सांगणारी खूण, न लावता नुसती अक्षरं मोठी केली.

"हे हेडिंग नोय," भाऊ म्हणाले.

"भाऊ, एवढं ठसठशीत तं दिसून राह्यलं!"

"तुले."

स्वप्नीलने गुपचूप टॅग बदलला.

अचलपूरच्या एका कापडवाल्याला अख्खी साइट एका फोटोत हवी होती; फोटोतली अक्षरं ते सॉफ्टवेअर वाचत नाही. भाऊ म्हणाले, "शेटजी, जरा डोये मिटून वाचून पाहा."

शेटजी हसले. "डोये मिटून कोन कापड घेते, भाऊ?"

आम्ही फोटोतच करून दिली. मला त्याची अजून लाज वाटते.

मग भाऊ थेट ब्राउझरचे नियम ठरतात त्या ऑनलाइन चर्चेत शिरले. पानाचा एखादा तुकडा आपोआप बदलला की वाचणारा आवाज पार सुरुवातीला जातो. तो होता तिथेच राहावा, एवढंच त्यांचं मागणं. तिकडून नम्र उत्तर आलं: याची गरज नेमकी कोणाला आहे?

भाऊंनी लिहिलं, "मला."

चर्चा बंद करण्यात आली.  

गेल्या महिन्यात त्यांनी राजीनामा द्यायचं ठरवलं. आमच्याकडे रजा असो की राजीनामा, ऑफिसच्या पोर्टलवरच भरायचा, असा साहेबांचा नियम. भाऊंनी फॉर्म स्वतः भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'स्वतःचं काम स्वतः होत नाही.' आणि फॉर्म पाठवताना अडकले.

त्या फॉर्मचं 'सबमिट'चं बटन मी बनवलेलं, घाईत. बटन नाहीच ते, बटनासारखा रंगवलेला साधा चौकोन. माउसने चालतो, कीबोर्ड तिथवर पोचत नाही. भाऊ पुढच्या जागी नेणारी टॅबची कळ दाबत राहिले आणि दर वेळी त्याला ओलांडून पुढे गेले. मी मागेच उभी होते. 

"पोरी, हे तुयं काम होय ना?"

"हो, भाऊ."

"मंग तूच दाब."

मी दाबलं.