उडत्या घोंगडीचा भाव

राज्यवाल्या बाई दुकानदार झाल्या की त्यांच्याशी घासाघीस करताना भल्याभल्या बायकांना घाम फुटायचा. अंगाने काडी, आवाज घोगरा. "नाई परवडत तं पुढचं दुकान पाहा," म्हणाल्या की पुढे दुकानच नाही हे माहीत असूनही बायका रागाने उठून चार पावलं चालायच्या. दुकान खोटं, माल खोटा, राज्यही खोटं. खरे फक्त चिंचोके.

बाई वरोऱ्याच्या, बौद्ध घरातल्या. भामरागडकडच्या एका गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवायला आल्या होत्या. मोह वेचणाऱ्या, तेंदूपानं तोडणाऱ्या बायका पाटीवर 'घर', 'कमळ' गिरवायला बसेनात, तेव्हा त्यांनी हा राज्याचा खेळ काढला. पावसात रस्ते बंद असायचे. मग दुपारी शाळेच्या पडवीत राज्य उभं राहायचं. कुणी शिकारीण, कुणी वैदीण. एक म्हातारी हट्टाने राक्षसीण. वाटेत काय आडवं आलं ते बाई सांगायच्या, पुढे काय करायचं ते बायका ठरवायच्या. प्रत्येकीला वीस चिंचोके. दोर, मशाल, मीठ, नावेचं भाडं, सगळे भाव फळ्यावर. वाचता आले तर घ्या!

पहिल्या दिवशी बाईंनी सगळं स्वस्त ठेवलं. बायकांनी घटकाभरात दुकान रिकामं केलं आणि घरी निघाल्या.

"अन् गुहेत कोन जाईन?" बाई ओरडल्या.

"काऊन जावं? सगळं तं भेटलं," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोर महागला. उडती घोंगडी तर कुणालाच कधी मिळाली नाही. जवळ कितीही चिंचोके जमले तरी तिचा भाव चारने जास्तच असायचा. "तिच्यापायी तं ह्या उद्या येतात," कडेला बसून खेळ बघणाऱ्या मला बाई हळूच म्हणाल्या.

एकदा बायकांनी राक्षसाला लोळवून पोतंभर खजिना आणला. परतताना नावाड्याने दोनाचे दहा मागितले. नावाडी अर्थात बाईच. मैनी नावाची एक तरुणी भडकली. "काऊन वं? नदी तं तेवढीच हाय!"

"नदी तेवढीच, पन तुह्या पोत्याचा आवाज आयकला ना मी!"

पडवी हसून लोळली. मैनी मात्र हसली नाही. फळ्यावरच्या भावांनी तिला झपाटलं होतं. काही दिवसांनी खजिन्यातली तलवार विकून ती पुन्हा घ्यायला गेली, आणि फळ्याकडे बघत उभीच राहिली. "मी इकली तं पाच. मीच घेतली तं वीस. मधातले पंधरा कुठी गेले, बाई?"

मी तिथेच बसलो होतो. संघटनेची पत्रकं वाटत त्या भागात फिरायचो, आणि या प्रश्नाचं छापील उत्तर माझ्या थैलीत होतं. आठवडी बाजारात व्यापारी मापभर चारोळी घेऊन मापभर मीठ देतो, आणि वर उपकार केल्याचा आव आणतो, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. मी ताडकन उठलो. बाईंनी हाताने खाली बसवलं. नंतर म्हणाल्या, "भाऊ, तू उत्तर आनतो, ते तुह्यासंगंच परत जाते. तिचं तिले सापडू दे."

मला ते मवाळ वाटलं. स्पष्टच सांगतो, भित्रं वाटलं. चारोळीचे दिवस तोंडावर आले तेव्हा मी पत्रक काढलं. एका बाजूला राज्यातले भाव, दुसऱ्या बाजूला बाजारातले, खाली मैनीचा प्रश्न, तिच्या नावासकट. "गावाचं नाव नोको टाकू. माहा वर्ग हाय तिथी," बाईंनी बजावलं होतं. मी टाकलं. गावाचं नाव नसलेलं पत्रक कुणालाच झोंबत नाही, असं मला शिकवलं होतं.

व्यापाऱ्याने ते शिक्षण खात्याच्या साहेबापुढे ठेवलं. चौकशी आली. चारोळीच्या मापाची नाही, चिंचोक्यांची! सरकारी वर्गात बायकांना जुगार शिकवला, असा शेरा बसला. मापात मारणारा खुर्चीवर बसून चहा पीत होता आणि बाई उभ्या होत्या. आठवड्यात वर्ग बंद झाला.

एसटीची वाट बघताना बाई म्हणाल्या, "जुगार म्हने! एक चिंचोका तरी कोनाच्या घरी गेला का?" त्या हसायला लागल्या, आणि मध्येच तोंडाला पदर लावला. मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. "राहू दे, भाऊ. मैनीले पाहाजो. उत्तराच्या जवळ आली होती ती."

वरोऱ्याला मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या भावाने दिलं. कावीळ झाली, आठ दिवसांत बाई गेल्या.

पाऊस उघडून रस्ते सुरू झाले तेव्हा ती बातमी घेऊन मी गावात गेलो. मैनी अंगणात धान पाखडत होती. ऐकलं तरी तिने सूप खाली ठेवलं नाही. रिकामं झालं तरी पाखडतच राहिली. मग आत जाऊन माझं पत्रक घेऊन आली. समोर बसून, बोट ठेवून वाचू लागली. "मी...ठ. पाच. दो...र." खाली स्वतःच्या नावाशी आली. "मै...नी." त्यापुढे बोट हलेना.

"हे जोडलेले अक्षरं बाई पावसात शिकवनार होती," ती म्हणाली, आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तूच वाच. माह्या नावानं काय लिवलं तूनं?"