मालगुजारांना माजी म्हटल्याची गोष्ट

निवृत्त माणसाने कोणत्याही संस्थेचा सचिव होऊ नये. त्याच्याकडे वेळ असतो, आणि वेळ असला की माणूस पत्रे नीट लिहू लागतो. माझे तसेच झाले.

अर्जुनी मोरगावच्या एका शाळेत मी इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर गावी, धाकट्या भावाच्या शेजारी राहायला आलो. भाऊ शेती करतो. आमचे गाव तलावाच्या खाली वसलेले. एका मालगुजाराने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या जमीनदाराने, कधी काळी तो तलाव गावाकडून बांधवून घेतला, आणि मालगुजारी गेल्यावर तो सरकारचा झाला. सरकारी कागदांत त्याला 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. असे तलाव आमच्या भागात इतके आहेत की कचेरीत नुसते 'मामा तलाव' म्हटले तरी भागते. या तलावाचे पाणी शेतांना वाटायला गावात एक पाणी वापर संस्था आहे. तिचे अध्यक्ष धानाचे व्यापारी, आठवड्यातले बरेचसे दिवस गोंदियात असतात. मला सचिव करताना ते म्हणाले होते, "सर, आपको कुछ नहीं करना है. फक्त पत्रव्यवहार."

तो फक्त पत्रव्यवहारच होता, हे खरे.

दसऱ्याच्या सुमाराला पाऊस परततो आणि धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला लागतात, तेव्हा तलावाचे तुडूम उघडतात. तुडूम म्हणजे पाळीत, तलावाच्या मातीच्या बांधात, बसवलेले पाणी सोडायचे दार. ते उघडण्याआधी मालगुजाराच्या घरी जाऊन बोलावणे करायचे, मग घरच्या कर्त्या पुरुषाने येऊन पाळीवर नारळ फोडायचा, असा रिवाज. पूर्वी कुणीही उठून हळदकुंकू आणि सुपारी घेऊन बोलावून यायचा. संस्था नोंदली गेल्यापासून बोलावण्याचेही पत्र जाऊ लागले. जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ. खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून पाटबंधारे कचेरी.

कर्ता पुरुष म्हणजे ऐंशीच्या आसपासचे एक गृहस्थ. मालगुजारी गेली तेव्हा ते जेमतेम पहिली-दुसरीत असतील, म्हणजे मालगुजार ते स्वतः एक दिवसही नव्हते. तरी सारा गाव त्यांना मालगुजारच म्हणतो. मागे नाही, तोंडावर. नाव घेऊन हाक मारणारे कुणी उरलेले नाही.

आता माझा दोष किती ते वाचकांनी ठरवावे. मी 'प्रति' लिहिले, 'माननीय' लिहिले, त्यांचे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे लिहिले: 'माजी मालगुजार'. इतिहासाच्या शिक्षकाला दुसरे काय सुचणार? शिवाय आमच्याकडे 'माजी' हा शब्द कमीपणाचा नाहीच. सहा महिने सरपंच राहिलेला माणूस पुढची तीस वर्षे माजी सरपंच असतो. लग्नाच्या पत्रिकेवर, चौकातल्या फ्लेक्सवर, जीपच्या काचेवर माजी उपसरपंच, माजी तंटामुक्ती अध्यक्ष असे शब्द मूळ पदापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात. पद जाते, माजी जात नाही. मला वाटले, मी मान दिला आणि खरेही लिहिले. दोन्ही एकाच शब्दात साधले म्हणून मी थोडा खूशही होतो.

तुडूम उघडणारा माणूस पत्र घेऊन गेला आणि घेऊन परत आला. पाकिटावर निळ्या शाईने, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिले होते: 'या पदाचा इसम येथे राहत नाही.'

मला हसू आले. ते भावासमोर आले ही चूक झाली.

"हासून का राहिलास?" तो म्हणाला. "काऊन गा दादा, तू मालगुजाराले माजी म्हनलास?"

"मालगुजारी गेली ना पण."

"गेली तं गेली. त्याले माहीत नाही का? तू कायले सांगाले गेलास?"

त्याचे चिडणे पदासाठी नव्हतेच. आमची शेती तलावाच्या पाण्याच्या अगदी शेवटाला आहे. आमच्याकडे पाणी कालव्याने फिरत नाही. एका बांधीतून, म्हणजे धानाच्या एका तुकड्यातून, दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे उतरत जाते. तुडुमाखालच्या पहिल्या बांध्या मालगुजाराच्या. त्यांनी आपला धुरा, म्हणजे बांधीभोवतीचा मातीचा बांध, फोडून वाट दिली तरच पाणी पुढे सरकते. त्यांचा हलका, लवकर येणारा धान कापणीला आला होता, त्यांना पाण्याची गरज नव्हती. भावाचा भारी, उशिरा येणारा धान नुकता निसवत होता. दाणा भरायच्या वेळी पाणी नसेल तर लोंबी उभी राहते, आत काही नसते. बांधीत भेगा पडू लागल्या होत्या.

"कायद्यानं त्यांना अडवता येत नाही," मी म्हणालो.

"जा मंग. कायद्याले घेऊन ये, धुरा फोडाले." मग तो म्हणाला, "तुले गावात काय म्हनतेत? सर. तू कोनाचा सर आहेस आता? माजी सर म्हनलं तं चालन का?"

"चालेल."

"दारावरच्या पाटीवर काऊन नाही लिवलं मंग?"

पाटीवर 'सर' नव्हते, फक्त नाव आणि पदव्या होत्या. पदव्या माजी होत नाहीत, असे मी त्याला सांगणार होतो. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत कोरड्या चिखलाने माखलेले होते. नाही सांगितले.

अध्यक्षांना फोन लावला. पलीकडे गिरणीचा आवाज होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, कानूनन तुम्ही बरोबर आहात. पर फायदा क्या?" मग त्यांनीच उपाय सुचवला. "नुसतं 'मा.' लिख दो. जिसको माननीय पढ़ना है वो माननीय पढ़े, जिसको माजी पढ़ना है वो माजी." व्यापारी माणूस, दोन्ही बाजूंना एकच माल विकायची सवय. मी म्हणालो, आधी भेटून येतो.

मालगुजारांचे घर आता सिमेंटचे आहे, पुढे लोखंडी जाळी आणि फरशीचा ओटा. ओट्यावर ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला पाहून त्यांनी पान उलटले, ते वाचून संपवले, घडी घातली. मी जाळीपाशी उभा. तीस वर्षे मुलांना वर्गाबाहेर उभे केले, तेव्हा ही शिक्षा किती कंटाळवाणी असते ते ठाऊक नव्हते.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "चालू खुर्ची आहे. माजी नाही."

मी बसलो. सुनेने चहा आणून ठेवला आणि एका नजरेने सांगितले की आत सगळ्यांना सगळे माहीत आहे.

"तुमचा अपमान करण्याचा माझा हेतू नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता, ते समजलं. म्हनूनच लागलं. अपमान करनाऱ्यासंग भांडता येते. तुमी तं हिशेब केला."

हे वाक्य त्यांनी आधीच तयार ठेवले असावे, पण चांगले होते.

"सरकारनं या तलावाले माजी लिवलं," ते पुढे म्हणाले, "तवापासून गाळ कोनी काढला नाही. माजी म्हनलं का मानूस हात झटकते. तलाव बुजला. आता तुमी मले म्हनून राहिले."

ऐकायला हेही चांगले होते. एखाद्या परिसंवादात टाळ्या पडल्या असत्या. पण गाळ निघत होता तेव्हा तो काढत कोण होते? त्यांच्या आजोबांच्या हुकुमावरून माझे आजोबा. टोपल्यांनी, उन्हात, वेठीने. हे घरात ऐकत मी मोठा झालो आणि पुढे वर्गात 'जमीनदारी पद्धती' या धड्याखाली शिकवत आलो. तोंडाशी आलेले ते वाक्य मी चहाबरोबर गिळले. चहात साखर फार होती. मला त्या वेळी इतिहास नको होता, धुऱ्याला पाच हात वाट हवी होती.

"मी दुसरं पत्र देतो," मी म्हणालो.

"कसं?"

"माननीय लिहून."

"'मा.' नको. अर्धे अक्षरं नको. पद लिवा." त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडले. "आनि पहिलं जिथं जिथं गेलं, तिथं तिथं धाडा."

"एक प्रत पाटबंधारे कचेरीत गेली आहे."

"मंग तिथं बी."

म्हणजे घरी येऊन माफी मागणे पुरेसे नव्हते. मी ज्या कचेरीला सांगितले की मालगुजार माजी आहेत, त्याच कचेरीला सांगायचे की नाहीत. ज्या सरकारने मालगुजारी रद्द केली, त्याच सरकारच्या आवक नोंदवहीत ती परत चढवायची, माझ्या सहीने. मनाशी म्हटले, बरे आहे. राज्ये याहून क्षुल्लक कारणांनी परत मिळाली आहेत.

अध्यक्षांना कळवले तेव्हा ते प्रथम घाबरले. "ऑफिस के कागज पे मालगुजार? वो पद ही नहीं है, सर." मग गिरणी बंद झाली असावी, कारण त्यांचा आवाज शांत झाला. "लिखो. वैसे भी पढ़ता कौन है."

शासकीय मराठीत चूक सुधारायची रीत ठरलेली आहे, तिला शुद्धिपत्रक म्हणतात. मी लिहिले: 'संदर्भीय पत्रात "माजी मालगुजार" असे पदनाम नमूद झाले आहे. त्याऐवजी "मालगुजार" असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम.' या वाक्यांत कुणीच चुकलेले नसते. पदनाम आपोआप नमूद होते आणि आपोआप दुरुस्त होते. शासकीय भाषेला मी आयुष्यभर नावे ठेवली. त्या दुपारी तिचा उपयोग कळला. सही करताना मात्र पेन थोडा अडला. आजोबांची आठवण झाली असे लिहिले तर शोभेल, पण खरे म्हणजे रिफिल संपत आली होती.

मधे रविवार आला, मग कुठलीशी सुट्टी. शेवटी एसटीने अर्जुनीला गेलो. कचेरीतल्या बाबूने पत्र हातात घेतले, उलटे धरले, सरळ केले.

"विषय?"

"शुद्धिपत्रक."

"कायचं?"

"एका पदनामाचं."

"पाणी सोडलं का तुमच्याकडे?"

"हे घेतल्यावर सोडतील."

त्याने मान वर करून पाहिले. मला वाटले, आता विचारील. त्याने शिक्का मारला आणि माझी प्रत माझ्याकडे सरकवली. मालगुजारी परत आली ती अशी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडी आधी.

मालगुजारांनी शिक्क्याची प्रत उजेडात धरून पाहिली. चष्मा शोधला, सापडला नाही, किंवा शोधायचा नव्हता. "वाचा," म्हणाले. मी वाचले. "मोठ्यानं वाचा ना, मास्तर. वर्गात वाचत होते तसं." मी मोठ्याने वाचले. शेजारच्या अंगणात कुणीतरी भांडी घासायची थांबली. 'उर्वरित मजकूर कायम' या शब्दांवर त्यांनी मान डोलावली, जणू तेच महत्त्वाचे होते. प्रत घडी करून खिशात ठेवली आणि आतल्या गड्याला हाक मारून म्हणाले, "उद्या सकाळी धुरा फोड गा."

सकाळी ते धुतलेले धोतर नेसून पाळीवर आले. नारळ फोडला. अध्यक्ष गोंदियाहून मुद्दाम आले होते, त्यांनी मोबाईलवर फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर होता: मालगुजार साहेबांच्या शुभहस्ते. फोटोत मी कडेला आहे, डोळे मिटलेले. पाणी तुडुमातून निघाले, त्यांच्या बांधीत पसरले आणि फोडलेल्या धुऱ्यातून पुढे गेले. पाण्याला घाई नसते. आमच्यापर्यंत येण्याआधी ते मधल्या साऱ्या बांध्यांना प्यायचे होते, आणि मधलेही तहानलेलेच होते.

ते पोहोचले तेव्हा भाऊ आणि मी धुऱ्यावर उभे होतो. भेगांतून पाणी खाली जाताना बारीक आवाज येतो, तो आम्ही ऐकला. भावाने वरच्या बांधीतली एक लोंबी तोडली आणि दाणा नखाने दाबला. पांढरे दूध आले. मग तो खालच्या, टोकाच्या दोन बांध्यांत उतरला. तिथली लोंबी सरळ उभी होती, वाकलेली नव्हती. ते पाहूनच कळायला हवे होते. तरी त्याने दाबून पाहिली. एक, मग दुसरी, मग थोडे पुढे जाऊन आणखी एक.

पत्रात काय लिहायचे ते मला येते. इथे काय म्हणायचे ते आले नाही.

"हे तनसीले जाईन, ढोरं खातीन," तो म्हणाला. त्याने हातातले टरफल पाण्यात टाकले आणि हात पँटीला पुसले. "वरचं वाचलं पन. चाल, घरी चाल. ऊन लागून राहिलं तुले."