जुने फोन वगळायचं ठरलं तेव्हा

परवा तापलेल्या चार्जरचा वास आला आणि बीडमधली क्लासवरची ती पत्र्याची खोली आठवली. नेटशिवाय एका फोनमधलं सगळं दुसऱ्यात उतरवणारं फुकट, सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर आम्ही काही दोस्त तिथं एका सतरंजीवर बसून बनवायचो. पुढच्या आवृत्तीतून जुने फोन वगळायचे, हे जवळपास ठरलंच होतं. तेवढ्यात दरवर्षी आईबापासोबत ऊसतोडीला जाणारा आमचा दोस्त उसळला, "आमच्या टोळीत समदे जुनेच फोन हायेत. फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, फोन फुटला की लेकरांचे फोटो गेले!" "नवा घे की बे," एकजण म्हणाला. "तू देतो का? मग मलाबी वगळा!" शेवटी सॉफ्टवेअरची नवी सजावट पुढं ढकलली, जुने फोन ठेवले आणि टोळी निघायच्या आदल्या दिवशी आवृत्ती काढली. आता कंपन्या चांगले चालणारे फोन बिनदिक्कत बाद करतात, मी संतापून पत्रकं वाटतो. पण ठरवणारे असे समोर, एकाच सतरंजीवर कधी सापडत नाहीत.