रईसचं ‘येतो’

पौडच्या बाजारात रईसला ओळखत नाही असा गाडीवाला नव्हता. नावाप्रमाणे श्रीमंती तेवढी नव्हती, बाकी सगळं होतं: हातोडी, गॅसची टाकी आणि अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज. धंदा डेंटिंगचा. चेपलेली जीप असो नाहीतर ठोकलेला टेंपो, रईसच्या हातून अशी निघायची की मालक आपलीच गाडी ओळखायचा नाही.

पण त्याची पत्र्याची शेड होती हैबतरावांच्या जागेत. २००७ साली हिंजवडीचं वारं पौडपर्यंत पोचलं, आणि हैबतरावांनी जागा बिल्डरला देऊन टाकली. दिवाळीनंतर शेड उचलायची. रईस चरफडला. इतकी वर्षं स्वतः मालक असलेल्यानं आता कुठल्यातरी शोरूमच्या वर्कशॉपात ‘ए, इकडं ये’ ऐकायचं? छे!

वाट दाखवली ती अनिमेषनं. हा मूळचा नागपूरचा, नोकरी हिंजवडीत, बिऱ्हाड महाळुंग्यात. गाडी चालवण्यात दिव्य असल्यामुळे रईसचं कायमचं गिऱ्हाईक.

“रईसभाई, ऑस्ट्रेलियात लहान गावांना डेंटिंगवाला मिळून नाही राहिला,” तो म्हणाला. “सगळे शहराकडे पळतात. तिथल्या गॅरेजवाल्यानं तुम्हाला मागून घेतलं आणि तुम्ही त्या गावात राहायला तयार असाल, तर सरकार व्हिसा देते.”

हैबतराव शेजारीच चहा पीत होते. “म्हंजी हितल्या मुळशीतून तितल्या मुळशीत! लेका, मग हितंच ऱ्हा की.”

“तुमी शेड ठिवली असती तर ऱ्हायलो असतो,” रईस फटकन बोलला. हैबतरावांनी बशीत तोंड घातलं.

मग घरात इंग्रजी सुरू झालं. बायको रुही बारावी झालेली. तिनं भाकरी थापता थापता नवऱ्याला पढवलं. व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेत पहिल्या खेपेला गडी आपटला, दुसऱ्या खेपेला काठावर पास. आयटीआयचा दाखला होताच. अनिमेषनं तिकडच्या एका गॅरेजवाल्याला अर्जही धाडला. आता अडलं होतं एकच: तो मालक हो म्हणायला हवा.

इथं रईसच्या अम्मीचं, नूरजहाँचं, सांगायला हवं. तिच्या घरात ‘जातो’ हा शब्द चालायचा नाही. दुकानात निघा नाहीतर परड्यात, ‘येतो’च म्हणायचं. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालं की परत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नीट बोलून निघायचं. रईसच्या जिभेला ते इतकं वळण पडलं होतं की फोन ठेवतानासुद्धा तो ‘चला, येतो’ म्हणायचा. लोक चेष्टा करायचे, “आरं, फोनातनं कसा येतुयास?”

त्या मालकाचा, केव्हिनचा, फोन आला तेव्हा सगळं घर, अनिमेषसुद्धा, फोनकडे कान लावून बसलं. रईसला निम्मं कळलं, निम्म्याला त्यानं नुसतं ‘येस सर’ केलं. शेवटी केव्हिन म्हणाला, अजून दोघांशी बोलायचंय, विचार करून कळवतो. रईसला कधी एकदा सुटतो असं झालेलं. तो म्हणाला, “ओके सर, आय ॲम कमिंग.”

मग केव्हिननं विचारलं, “कमिंग? शुअर?”

“येस सर. ऑलवेज कमिंग,” म्हणत रईसनं फोन ठेवला.

अनिमेषनं कपाळावर हात मारला. “अरे बापा! त्यानं नोकरी दिलीच कुठं? तुम्ही निघालेसुद्धा!”

रईसचं तोंड एवढंसं झालं. बाजारात बातमी फुटायला कितीसा वेळ! जो तो विचारी, “काय रईस, पोचला का?” रईस हसण्यावारी न्यायचा, पण आतून पार खचला होता. हातातोंडाशी आलेला घास स्वतःच्याच जिभेनं घालवला, हे त्याला खात होतं. शेडचे पत्रेसुद्धा त्यानं सोडवायला घेतले.

पत्र्यावर चढलेला असतानाच फोन वाजला. केव्हिन! बाकीच्या दोघांनी म्हणे आधी हेच विचारलं, की तिथून मोठ्या शहरात कधी जाता येईल. येतो म्हणणारा एकच निघाला. “स्टिल कमिंग?” त्यानं विचारलं.

“कमिंग सर! कमिंग!” रईस असा ओरडला की खाली हैबतरावांचा चहा सांडला.

निघायच्या दिवशी जीप दारात उभी. रुहीला तिकडं घर मिळाल्यावर न्यायचं ठरलेलं. सगळे हसत होते, नूरजहाँ सोडून. रईस अम्मीपुढं नुसता वाकला आणि ‘येतो’ न म्हणताच वळला.

“थांब,” अम्मी म्हणाली. “त्या गोऱ्याला येतो म्हणलास, म्हणून आता जावं लागतंय न्हवं? मग मलाबी म्हण.”

रईसला रडू आवरेना. “येतो, अम्मी.”

“व्हय. ये.”

२०१० साली ईदच्या आदल्या दिवशी जीप पुन्हा त्याच दारात थांबली. रुही उतरली, मागून रईस. उंबऱ्यावर पाय ठेवत त्यानं आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, “अम्मी, आलो!”

नूरजहाँ ओल्या डोळ्यांनी चुलीपासून उठली. “येतो म्हणून गेलास, त्याला किती दिस झालं? चा कवाचा निवला.”